रोवण्याच्या दिवसांतली झोप

लोक मला विचारतात, पाच-पाच पोरं एकटीनं कशी सांभाळलीस? मी सांगते, भिऊन भिऊन सांभाळली. माया काय, सगळ्यांनाच असते, पण मायेनं पोर विहिरीपासून लांब राहत नाही. थोरली पावलं टाकायला लागली त्या दिवशी माझ्या मनात जी भीती येऊन बसली, ती सगळ्यात धाकटा शाळेत जाईपर्यंत काही हलली नाही. आणि भ्यालेल्या बाईचा हात लवकर उठतो. माझा तर फारच लवकर उठायचा. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कोणी मला बिचारी म्हणायला नको.

आमचं गाव आरमोरीच्या बाजारापासून तीन कोसांवर. मी माहेरची सावली गावाकडची, चौथी पास झालेली, म्हणून सासरी बाया मला 'शिकलेली बाई' म्हणत. पाच पोरांपुढं त्या चौथीचा काडीचा उपयोग झाला नाही. घरापुढं धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, मागं परसात विहीर, तिला कठडा नाही, आणि परसाच्या काटेरी कुपाटीपलीकडं जंगलच सुरू व्हायचं. एकदा भर दुपारी शेजारणीची शेळी बिबट्यानं कुपाटीवरून उचलून नेली. मी ओसरीत तांदूळ पाखडत होते. शेळी ओरडली तशी सूप टाकून परसात धावले, तर एक पोर दिसेना. सगळं परस पालथं घातलं, विहिरीत वाकून पाहिलं. ते पोर माझाच पदर धरून माझ्याच मागं फिरत होतं. त्यालाही मी एक चापट दिली, मागं का फिरतोस म्हणून.

थोरली आठ वर्षांची होती. तिच्या पाठीवर दोघे मुलगे, मोठा सहाचा, मधला चारचा. मग अडीच वर्षांची लहानी. आणि अंगावर पिणारा बाबू, पाच महिन्यांचा. थोरलीचे बाबा उन्हाळ्यात जंगलातल्या लाकडाच्या गाड्यांवर आणि पावसाळ्यात शेतात. घरी असले तरी पोरांच्या बाबतीत ते पाहुणेच. पोर रडलं की 'अवो, हा रडून राह्यला' असं मला सांगायचे, जसं काही मला ऐकू येत नाही.

रोवणा लागला की मात्र माझ्या जिवाची नुसती तारांबळ. आषाढात थोरलीचे बाबा बैल घालून बांधीत चिखल करायचे आणि आम्ही बाया वाकून त्यात धानाचे पऱ्हे लावायचो. रोपांना आमच्याकडं पऱ्हे म्हणतात. पऱ्हे उपटले की ते पडू देता येत नाहीत. त्यामुळं आज सगळ्याजणी माझ्या बांधीत, उद्या तिच्या, परवा तिसरीच्या, असा फेरा असायचा. ज्या बाईनं एक दिवस बुडवला तिच्या बांधीत पुढं कोणी पाय ठेवत नसे. पोर आजारी आहे, पोर रडतं, ही सबब चालायची नाही. पोरं सगळ्यांनाच होती.

म्हणून त्या दिवसांत आमच्याकडं अंगावरच्या पोराला अफू द्यायचे. आज ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. तेव्हा कोणाला काही वाटत नव्हतं. माझ्या सासूनं थोरलीच्या बाबांना दिली होती, तिला तिच्या सासूनं शिकवलं होतं. एवढासा कण बोटाच्या टोकाला लावून पोराच्या तोंडात फिरवायचा, की पोर दुपारपर्यंत झोळीत गप. बांधीकडं जाताना बाया एकमेकींना 'देल्ली काय बाबूले?' असं विचारायच्या, जेवलीस का विचारावं तसं. जी देत नसे तिलाच नावं ठेवायच्या, की पोराला दिवसभर रडवते, काळजाची नाही बाई.

मी देत होते, पण भीतभीत. बाजारातून आणलेली ती काळी गोळी एका लाकडी डबीत, डबी देवळीत देवाजवळ. तिला हात फक्त माझा. थोरलीला मी बजावून ठेवलं होतं, "त्या डबीले हात लावला त हातच तोडून टाकीन." तिनं मान हलवली होती. ती फार बोलायची नाही. कामाची होती, माझ्या अर्ध्या संसाराचा भार तिच्या कडेवर होता, आणि त्याचं मला कौतुक वाटायचं नाही, उलट चुकली की राग यायचा.

त्या दिवशी बोडीखालच्या, छोट्या तळ्याखालच्या बांधीत शेजारणीचा रोवणा होता. रात्रभर पाऊस पडून सगळं गाव चिंब झालेलं. सकाळी चूल पेटेना. ओलं लाकूड नुसतं धुमसत होतं आणि घरभर धूर. मोठा आणि मधला एकाच पितळीसाठी भांडायला लागले. घरात चांगल्या तीन पितळ्या होत्या, पण दोघांना तीच पाहिजे. मी ती पितळी काढून घेतली तर दोघं मिळून माझ्यावर रडायला लागले. तेवढ्यात थोरली म्हणाली, "आई, लहानीनं नाकात चिंचोका घातला." पाहते तर खरंच, डाव्या नाकपुडीत चिंचोका घट्ट बसलेला आणि लहानी मजेत तोंडानं श्वास घेतेय. तिला मांडीवर पाडली, तपकीर हुंगवली आणि उजवी नाकपुडी दाबली. तिसऱ्या शिंकेला चिंचोका चुलीत जाऊन पडला. मग ती त्या चिंचोक्यासाठी रडायला लागली.

बाबू झोळीत आधीच किंचाळत होता. त्याला पदराखाली घेतला. वासरू सुटून गाईला पिऊन टाकत होतं, मोठ्याला तिकडं पिटाळलं. आणि धप्पकन आवाज आला. मधला धानाच्या कोठीवर चढला होता, वरच्या फळीवरचा गूळ काढायला. तो पालथा पडला, हनुवटी फुटली, रक्ताची धार. बाबूला झोळीत टाकून मी मधल्याला धरलं, हळद भरली, चिंधी बांधली, बांधता बांधता दोन धपाटेही घातले. दारात बाया उभ्या, इरली घेऊन. "चाल वो बाई, उशीर होऊन राह्यला." मी थोरलीला सांगितलं, भात गाडग्यात आहे, लहानीला परसात जाऊ देऊ नको, मधल्याची चिंधी सुटू देऊ नको. बाबूचा आवाज अजून चालूच होता. निघता निघता देवळीतली डबी काढली, त्याच्या तोंडात बोट फिरवलं, डबी ठेवली आणि निघाले. एवढं मला स्वच्छ आठवत होतं. पुढं दिवसभर मी या एका आठवणीला धरून बसले.

दुपारपर्यंत आम्ही गुडघाभर चिखलात वाकून होतो. दुधानं छाती दुखायला लागली तशी मी शेजारणीला सांगून घरी निघाले. हे रोजचंच होतं. बाबूला पाजायचं, चार घास खायचे आणि परत यायचं.

ओसरीवर थोरली दोन मैत्रिणींबरोबर गजगे खेळत होती. मला पाहून उठली आणि हसून म्हणाली, "आई, बाबू आज उठलाच नाई. एकदाबी रडला नाई."

मला बरं वाटलं. सांगायला लाज वाटते, पण बरंच वाटलं. झोपलाय तोवर खाऊन घ्यावं, म्हणून मी भात वाढून घेतला. अर्ध्याहून जास्त खाल्ला. मग हात धुऊन झोळीत हात घातला.

पोर उचललं तर मान मागं गेली. कापडाची असावी तशी. तोंडात दूध धरलं, तर दूध ओठावरून गालावर ओघळलं. ओठ जांभळासारखे झाले होते. मी नाकाशी कान नेला. एक श्वास आला, बारीक, आणि मग आलाच नाही. मी वाट पाहिली. बाहेर पोरींचे गजगे खळखळत होते. बऱ्याच वेळानं दुसरा श्वास आला.

मी ओळखलं. असं पोर मी एकदा पाहिलं होतं, पलीकडच्या गावात, आणि ते उठलं नव्हतं.

त्या वेळी शहाण्या बाईनं काय केलं असतं? पोर घेऊन धावली असती. मी बाबूला परत झोळीत टाकलं आणि थोरलीचा दंड धरला.

"किती देल्ली तुवा त्याले?"

"काय, आई?"

"अफू. किती देल्ली?"

"मी नाई देल्ली."

मी मारलं. "खेळाले मिळते म्हणून देल्ली नं? खरं सांग."

"नाई देल्ली, आई. डबीले हातबी नाई लावला."

मैत्रिणी पळून गेल्या. मुलगे भिंतीला चिकटून उभे राहिले. लहानी जोरात रडायला लागली. मी थोरलीला मारत होते, हातानं, मग चुलीपुढच्या काडीनं, आणि तेच तेच विचारत होते. मला उत्तर पाहिजे होतं. मी तर एकदाच दिली, मग हा असा कसा झाला, याचं उत्तर मिळाल्याशिवाय मला दुसरं काही सुचतच नव्हतं. भीतीनं माणूस वेडं होतं म्हणतात, मी झाले होते. झोळी माझ्या पाठीमागं होती आणि मी तिच्याकडं वळूनसुद्धा पाहत नव्हते.

थोरली रडायची थांबली. झोळीकडं पाहिलं तिनं, मग माझ्याकडं.

"हो," ती म्हणाली. "मीच देल्ली."

मी तिला सोडलं, बाबूला उचललं. मी उंबरठ्यापर्यंत पोहोचायच्या आत ती बाहेर पडली होती, दाईला बोलवायला, पावसात, चिखलात पडत-उठत.

दाई म्हातारी होती, माझी पाचही बाळंतपणं तिनंच केली. ती आली, बाबूची पापणी वर करून पाहिली, पोटावर हात ठेवला. काय झालं हे तिला सांगावंच लागलं नाही. म्हणाली, "याले झोपू देऊ नोको, बाई. हा श्वास घ्याचं इसरून राह्यला. आपल्यालेच याद करून द्या लागते."

"आरमोरीच्या दवाखान्यात नेऊ?"

"कुठून नेतं? नाल्याले पूर हाये."

तरी थोरलीच्या बाबांना निरोप गेला. ते बांधीतून तसेच आले, कमरेपर्यंत चिखल. दारातच उभे राहून म्हणाले, "काय झालं?"

"थोरलीनं बाबूले अफू देल्ली," मी म्हणाले.

त्यांनी थोरलीकडं पाहिलं. नाल्यावर गेले, पाणी पाहून परत आले, पुन्हा गेले. त्या दुपारी ते चार वेळा नाल्यावर जाऊन आले. पाणी उतरत नव्हतं. चौथ्यांदा आले तेव्हा ओसरीवर डोकं धरून बसले.

दाईनं हिंगाचं पाणी करून बाबूच्या जिभेला लावलं, फोडलेला कांदा नाकाशी धरला, तळपायांवर टिचक्या मारल्या. मग तिनं सगळ्यांना कामाला लावलं. थोरलीला म्हणाली, "तू पोटावर हात ठेव. पोट हालाचं थांबलं का सांगजो." थोरली बसली. तिच्या दंडावर माझ्या बोटांचे वळ उठले होते. डावा हात बाबूच्या पोटावर, डोळे पोटावर. जरा वेळानं म्हणायची, "थांबला." मग मी त्याच्या टाचेला चिमटा घ्यायची, दाई गार पाणी तोंडावर मारायची, आणि तो एक आचका देऊन श्वास घ्यायचा. की लगेच, "थांबला." पुन्हा चिमटा. त्याच्या टाचा लालभडक झाल्या. मी चिमटा घेताना मनात म्हणत होते, रड रे बाबा, एकदा रड. ज्या रडण्यासाठी सकाळी मी वैतागले होते त्या रडण्यासाठी मी गावदेवी मातामायला कोंबडा बोलले.

आणि घर काही थांबायला तयार नव्हतं. मधला येऊन म्हणाला, भूक लागली. मोठ्यानं गाडगं पुसून खाल्लं होतं, भाताचं शीत शिल्लक नव्हतं. लहानीनं चटईवर शी केली आणि त्यातच बसली. कुत्रं घरात शिरलं. मोठा कुत्र्याला हाकलायला काठी घेऊन धावला आणि पाण्याची घागर फोडली. घरात एक पोर मरत होतं आणि बाकीच्यांना भूक लागत होती, शी लागत होती, भांडायचं होतं. मला त्यांचा इतका राग आला की काय सांगू. वाटलं, एक क्षणभर सगळे दगड होऊन बसा. दाई मात्र शांतपणे म्हणाली, "लेकरं हायेत, थे. त्याईले काय समजते."

तिसऱ्या प्रहरी एकदा थोरली म्हणाली, "थांबला," आणि चिमट्यानं काही झालं नाही. पाण्यानं काही झालं नाही. दाईनं बाबूला दोन्ही पायांना धरून उलटं केलं, पाठीवर थापट्या मारल्या. थोरली उठून उभी राहिली होती, हात तसाच पुढं धरून, पोट शोधत. मी डोळे मिटून घेतले. मला पाहवत नव्हतं, मी आई असून मला पाहवत नव्हतं. किती वेळ गेला कोण जाणे. मग थोरलीचाच आवाज आला, "घेतला. आई, घेतला त्यानं."

त्यानंतर हळूहळू 'थांबला' उशिरा उशिरा यायला लागलं. गुरं घरी परतायच्या वेळेला बाबूनं भुवया आक्रसल्या, तोंड वेडंवाकडं केलं आणि रडला. घोगरं, तुटकं, पण रडला. ओसरीवरून थोरलीचे बाबा उठले, दारापर्यंत आले आणि तिथंच भिंतीला टेकून बायांसारखे रडले. दाई म्हणाली, "आता पाज. पण लक्ष ठेव." आणि चुना-तंबाखू काढून ओसरीवर जाऊन बसली.

मी कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून बाबूला घेतलं. त्यानं दोनदा तोंड फिरवलं, तिसऱ्यांदा धरलं. ओढत होता. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते मला थांबवता येत नव्हतं. मधला येऊन माझ्या मांडीला चिकटून बसला, हनुवटीला हळदीची चिंधी. मग म्हणाला, "आई, आता तिसऱ्यांदा नोको देजो त्याले."

"काय तिसऱ्यांदा?"

"थे काळी दवाई. तुवा दोनदा देल्ली नं. मी गूळ काढाले चढलो तवा एकदा, आन् जातानी एकदा. मी वरतून पायत होतो."

त्यानं म्हटलं आणि मला सगळं आठवलं. बाबू पदराखाली, वासरू सुटलेलं, धूर, लहानीचं रडणं. याला आत्ताच देऊन टाकावी म्हणजे झोपेल, असं म्हणून बसल्या जागेवरूनच हात लांबवून देवळीतली डबी घेतली होती. बोट फिरवलं होतं. डबी ठेवली आणि मागून धप्पकन आवाज आला. त्यानंतर हळद, रक्त, चिंधी, दारातल्या बाया. पहिली वेळ माझ्या डोक्यातून पुसलीच गेली होती.

थोरली चुलीशी होती, सगळ्यांसाठी भात टाकत होती, आमच्याकडं तिची पाठ. तिनं ऐकलं की नाही, मी पाहिलं नाही. पाहायची हिंमत झाली नाही. मी मधल्याला जवळ ओढलं आणि हळूच म्हणाले, "तुले काई समजत नाई. कोणाले सांगजो नोको." बाबूला घेऊन तशीच उठले, कोठीवरच्या फळीवरचा गूळ काढून त्याच्या तोंडात घातला, ज्या गुळासाठी तो सकाळी पडला होता. तो चोखत बसला आणि विसरला. चार वर्षांचं पोर, ते विसरतंच.

मी बाहेर जाऊन सांगायला पाहिजे होतं. दाई ओसरीवर होती, थोरलीचे बाबा होते. दहा पावलं नव्हती. पण एका मरणाची भीती गेली होती आणि तिच्या जागेवर दुसरीच भीती येऊन बसली होती. नवरा काय म्हणेल? गाव काय म्हणेल? शिकलेली बाई आणि स्वतःच्या पोराला दोनदा अफू देते. मी मनाला समजावलं, की थोरली लेकरू आहे, लेकराची चूक लोक विसरून जातात, आईची कोण विसरणार? असा विचार केला मी. अगदी पद्धतशीर विचार केला.

लोक विसरले नाहीत. तिला तोंडावर कोणी काही बोललं नाही, पण त्या पावसाळ्यापासून शेजारच्या बाया आपली तान्ही पोरं तिच्या हातात देईनात. तिनं हात पुढं केला की पोराला दुसऱ्या कडेवर घ्यायच्या. तिला कळत होतं. मैत्रिणी गजगे घेऊन यायच्या, ही जायची नाही. बाबू झोपला की त्याच्याजवळ बसून राहायची. एवढीशी पोर, पण तिच्या चेहऱ्यावर मोठ्या बाईची काळजी आली, आणि ती मी आणली होती. अफूची डबी मी दुसऱ्याच दिवशी पुरात फेकली. पुढचे सगळे रोवणे बाबूला झोळीत घालून बांधीवर नेलं. रडला तर रडू दिलं. थोरलीला मात्र मी एक शब्द बोलले नाही. रोज वाटायचं, आज सांगेन. रोज राहून जायचं. त्यापेक्षा तिच्यावर खेकसणं सोपं जायचं, आणि मी खेकसायची.

तिचं लग्न गोंडपिपरीकडं झालं. पहिल्या बाळंतपणाला ती माझ्याकडं आली. मुलगा झाला, चांगला धडधाकट, पोटभर पिणारा आणि पिऊन झोपणारा. आणि ही त्याला झोपूच देईना. घटकाभर झोपला की उठवायची, रडवायची, मग पाजायची. पोर चिडचिडं झालं, ती सुकून चालली. दाई तोवर वारली होती. मीच एका दुपारी रागानं म्हणाले, "अवो, झोपू दे नं त्याले. काऊन उठवतं?"

"उठला नाई तर?" ती म्हणाली. हात पोराच्या पोटावर.

घरात आम्ही दोघीच होतो. बाकीचे शेतात, शाळेत. मला वाटलं, आता बोलले नाही तर हे पोर तिच्या भीतीत वाढेल. मी तिच्यासमोर बसले. म्हणाले, "बाबूले त्या दिवशी तुवा नोहोती देल्ली. म्याच दोनदा देल्ली होती."

ती रडेल, ओरडेल, उठून जाईल, सगळ्याची मी तयारी केली होती. ती पोराकडंच पाहत होती.

"मले माहीत हाये," ती म्हणाली.

"मधला बोलला तवा आयकलं?"

"त्याच्या पयलेच माहीत होतं. मी नाई देल्ली त दुसरं कोण देईन?"

"मंग हो काऊन म्हटलं?"

तिनं पहिल्यांदा माझ्याकडं वर पाहिलं. राग नव्हता तिच्या डोळ्यांत. राग असता तर मला सोसला असता.

"तू मारतच होती, आई. त्याच्याकडं पायतच नोहोती. मी नाई म्हटलं का तू अजून मारायची, आन् बाबू तिकडं तसाच. मले वाटलं, हो म्हटलं त सोडशील, आन् त्याले उचलशील."

मी तिला तेव्हा सोडलं होतं आणि त्याला उचललं होतं. आठ वर्षांची होती ती.